खेळणं संपल्यावर खेळाडूनं काय करायचं? लॅरी बर्ड आधी कोच झाला, मग टीमचा कारभारी

अमेरिकेतल्या एनबीए या बास्केटबॉल लीगमध्ये दरवर्षी बरेच मान दिले जातात. त्यातले तीन फार मोठे. एक सर्वोत्तम खेळाडूचा, त्याला एमव्हीपी म्हणतात. दुसरा सर्वोत्तम कोचचा. तिसरा पडद्यामागे बसून टीम बांधणाऱ्या अधिकाऱ्याचा, त्याला एक्झिक्युटिव्ह ऑफ द इयर म्हणतात. हे तिन्ही मान मिळवणारा माणूस आजवर एकच आहे. त्याचं नाव लॅरी बर्ड.

खेळाडू म्हणून त्याला एमव्हीपी मिळाला तो १९८४, १९८५ आणि १९८६ असा सलग तीनदा. कोचचा मान मिळाला १९९८ मध्ये. अधिकारी म्हणून मिळाला २०१२ मध्ये. म्हणजे पहिल्या मानापासून शेवटच्या मानापर्यंत २८ वर्षं गेली.

बास्केटबॉल आपल्या तालुक्यात फारसा कुणी खेळत नाही. पण प्रश्न आपल्या ओळखीचाच आहे. कबड्डी असो, कुस्ती असो की क्रिकेट, तिशी-पस्तिशीत अंग साथ सोडतं. काल ज्याच्या नावावर मैदान भरत होतं, त्याला आज कुणी विचारत नाही. मग पुढची तीस-चाळीस वर्षं करायचं काय? आपल्याकडे थकलेला पैलवान तालमीत वस्ताद म्हणून बसतो. पण चांगला पैलवान चांगला वस्ताद होईलच असं नसतं, आणि चांगल्या वस्तादाला तालमीचा कारभार जमेलच असंही नसतं. ही तीन वेगवेगळी कामं आहेत. बर्डने ती तिन्ही कशी केली, कुठे जमलं आणि कुठे नाही, ते समजून घेऊ.

मुंबईत आलेली टीम

बर्डने कोच आणि अधिकारी म्हणून ज्या टीमसाठी काम केलं ती इंडियाना पेसर्स. ही टीम महाराष्ट्रात येऊन खेळून गेली आहे. ४ आणि ५ ऑक्टोबर २०१९ ला मुंबईत वरळीच्या एनएससीआय डोममध्ये एनबीएच्या भारतातल्या पहिल्या मॅच झाल्या. समोर सॅक्रामेंटो किंग्ज होते. पहिल्या दिवशी बघायला हजारो शाळकरी पोरं होती. पेसर्सनी पहिली मॅच जादा वेळेत १३२-१३१ अशी एका पॉइंटनं जिंकली आणि दुसरी १३०-१०६ अशी.

त्या दिवशी दोन्ही बाकांवर उभे असलेले कोच, पेसर्सचे नेट मॅकमिलन आणि किंग्जचे ल्यूक वॉल्टन, हे दोघेही पूर्वी एनबीएत खेळलेले. खेळाडूनं कोच होणं तिकडे नवीन नाही. पण खेळाडू, कोच आणि कारभारी या तिन्ही पायऱ्यांवर अव्वल ठरणं एकट्या बर्डला जमलं.

कोण हा लॅरी बर्ड?

लॅरी बर्डचा जन्म ७ डिसेंबर १९५६ चा. अमेरिकेच्या मधल्या भागात इंडियाना नावाचं राज्य आहे. मका आणि सोयाबीनचा मुलूख. त्यातल्या फ्रेंच लिक नावाच्या लहानशा गावात तो वाढला. गावाची वस्ती दोनेक हजारांची. सहा भावंडांत हा चौथा. घरची परिस्थिती ओढगस्तीची. आई दोन-दोन ठिकाणी काम करून घर चालवायची. १९७५ मध्ये वडिलांनी आत्महत्या केली, तेव्हा लॅरी १८ वर्षांचा होता.

त्याच्या आदल्या वर्षी, १९७४ मध्ये, त्याला राज्यातल्या मोठ्या इंडियाना युनिव्हर्सिटीत खेळाडू म्हणून प्रवेश मिळाला होता. तिथं हजारो विद्यार्थी. गावाकडच्या या बुजऱ्या पोराचा जीव तिथं रमला नाही. महिना पुरा व्हायच्या आत तो घरी परतला. मग वर्षभर गावातच नगरपालिकेच्या कामावर लागला. कचऱ्याच्या गाडीवर जायचं, रस्त्याची कामं करायची, गवत कापायचं. पुढे टेरे होट गावातल्या इंडियाना स्टेट या तुलनेनं लहान कॉलेजात त्यानं पुन्हा नाव घातलं.

या कॉलेजला देशात कुणी ओळखत नव्हतं. बर्डने १९७९ मध्ये त्याला राष्ट्रीय फायनलपर्यंत नेलं. फायनलच्या आधी सलग ३३ मॅच जिंकलेल्या होत्या. फायनलला समोर मॅजिक जॉन्सनची मिशिगन स्टेट आली आणि इंडियाना स्टेट ७५-६४ अशी हरली. बर्ड आणि मॅजिक यांची चुरस तिथून सुरू झाली ती पुढे बारा-तेरा वर्षं चालली.

त्याच वर्षी बर्ड बॉस्टन सेल्टिक्सकडे गेला. पाच वर्षांचे साडेबत्तीस लाख डॉलर ठरले. सेल्टिक्सनी आदल्या सीझनला ८२ पैकी फक्त २९ मॅच जिंकल्या होत्या. बर्ड आला त्या सीझनला ६१ जिंकल्या. १९८१, १९८४ आणि १९८६ अशी तीन विजेतेपदं आली. १३ सीझन, ८९७ मॅच, सगळ्या एकाच टीमकडून.

तो फार पळणारा किंवा उंच उडी मारणारा खेळाडू नव्हता. उंची ६ फूट ९ इंच होती, पण त्या लीगमध्ये तशी उंची बऱ्याच जणांची असते. त्याचं वेगळेपण नजरेत होतं. बॉल कुठे जाणार, कोण मोकळा होणार, हे त्याला दोन पावलं आधी दिसायचं. ही नजर पुढे कामाला आली. अंग थकतं, नजर लवकर थकत नाही.

पाठ गेली, खेळ थांबला

१९८५ च्या उन्हाळ्यात बर्ड गावी गेला होता. आईच्या घरापर्यंत गाडी जावी म्हणून रस्ता करायचा होता. करोडोंमध्ये कमावणाऱ्या या माणसानं मजूर लावला नाही. स्वतः फावडं घेऊन खडी पसरली. त्यात पाठ दुखावली, ती कायमची.

पुढे १९८८ मध्ये दोन्ही टाचांचं ऑपरेशन झालं आणि त्या सीझनला तो फक्त ६ मॅच खेळू शकला. शेवटच्या काळात तर मॅचमध्ये बाहेर बसायची वेळ आली की तो बाकावर न बसता मैदानाच्या कडेला पालथा पडून राहायचा. बसलं की पाठ धरायची. १९९२ मध्ये बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या ड्रीम टीमकडून सुवर्णपदक मिळवलं आणि १८ ऑगस्ट १९९२ ला त्यानं खेळणं थांबवलं. वय ३५.

पाच वर्षं ऑफिसात

निवृत्तीनंतर सेल्टिक्सनी त्याला ऑफिसात विशेष सहायक म्हणून ठेवलं. १९९२ ते १९९७ अशी पाच वर्षं तो तिथं होता. नाव मोठं, पण अंतिम निर्णय हातात नाहीत, अशी ही जागा. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल की वर्षं फुकट गेली. पण या काळात त्याला टीम दुसऱ्या बाजूनं बघायला मिळाली. खेळाडूला फक्त आपली मॅच दिसते. ऑफिसातल्या माणसाला पुढची तीन-चार वर्षं बघावी लागतात.

१९९७ मध्ये त्याच्या स्वतःच्या राज्यातल्या इंडियाना पेसर्सनी त्याला थेट मुख्य कोच केलं. तेव्हा टीमचे प्रमुख डॉनी वॉल्श होते. बर्डने याआधी कुठेच, शाळेच्या टीमलासुद्धा, कोचिंग दिलेलं नव्हतं. टीमची अवस्थाही बरी नव्हती. आदल्या सीझनला ३९ विजय आणि ४३ पराभव. मोठ्या नावामुळे तिकिटं खपतील, पण कोचिंग जमेल का, ही शंका साहजिक होती.

कोचचं काम नेमकं काय असतं?

बास्केटबॉलमध्ये एका वेळी मैदानावर एका टीमचे पाच जण असतात. एनबीएची मॅच ४८ मिनिटांची. पाच गुणिले अठ्ठेचाळीस म्हणजे २४० मिनिटं. ही २४० मिनिटं कोचला दहा-बारा खेळाडूंत वाटायची असतात. प्रत्येकाला वाटतं आपल्याला जास्त मिळावी. कालव्याच्या पाण्याच्या पाळीसारखंच आहे हे. पाणी तेवढंच, मागणारे जास्त. आणि ज्याला कमी मिळालं तो नाराज.

हे वाटप मॅच चालू असताना करायचं असतं. कोण दमला, कोणाचा नेम आज लागत नाही, समोरच्यानं कोणता डाव बदलला, हे बघून क्षणात बदली करायची. त्याशिवाय सराव घ्यायचा, आक्रमणाचे आणि बचावाचे डाव बसवायचे, प्रवासात टीम एकत्र ठेवायची. हे सगळं सीझनला ८२ मॅच.

मोठा खेळाडू कोच झाला की एक अडचण हमखास येते. त्याला जे सहज जमायचं ते समोरच्याला का जमत नाही, हेच त्याला कळत नाही. मग तो चिडतो. पोरं बिथरतात.

बर्डने ही अडचण साध्या रीतीनं सोडवली. आपल्याला काय येत नाही ते त्यानं आधीच मान्य केलं आणि ते काम येणारी माणसं शेजारी बसवली. आक्रमणाची आखणी रिक कार्लाइलकडे दिली. कार्लाइल सेल्टिक्समध्ये त्याच्याबरोबर खेळलेला. खेळाडू म्हणून फार नाव नव्हतं, पण डाव आखण्यात डोकं पक्कं. बचावाची जबाबदारी डिक हार्टर या जुन्याजाणत्या कोचकडे दिली. स्वतः बर्ड मॅचमध्ये शांत असायचा. आरडाओरडा नाही, पंचांशी हुज्जत नाही. सहायक कोच फळ्यावर डाव काढून दाखवतोय आणि मुख्य कोच शेजारी ऐकतोय, असं चित्र तिथं नेहमी दिसायचं. मोठ्या नावाच्या माणसाला हे कमीपणाचं वाटलं असतं. बर्डला वाटलं नाही.

दोन गोष्टी मात्र त्यानं स्वतःच्या हातात ठेवल्या. पहिली फिटनेस. शेवटच्या दहा मिनिटांत पाय गळाले की सगळे डाव फुकट, म्हणून सीझनच्या आधी पोरांना भरपूर पळवलं. दुसरी वेळ. एकदा टीमचं विमान सुटायच्या वेळेला दोन खेळाडू उशिरा पोचले. विमान अजून जमिनीवरच होतं. तरी बर्डने थांबायला नकार दिला आणि विमान त्यांना मागे ठेवून गेलं. नियम सगळ्यांना सारखा, हे पुन्हा सांगायची गरज उरली नाही.

तीन वर्षांचा शब्द

पहिल्याच सीझनला, १९९७-९८ मध्ये, पेसर्सनी ५८ मॅच जिंकल्या. टीमच्या एनबीएतल्या इतिहासात तोवर एवढे विजय कधी झाले नव्हते. बर्डला सर्वोत्तम कोचचा मान मिळाला. प्लेऑफमध्ये पूर्व विभागाच्या फायनलला मायकल जॉर्डनची शिकागो बुल्स समोर आली. तिथं सात मॅचची मालिका असते, चार जिंकेल तो पुढे. मालिका सातव्या मॅचपर्यंत ताणली गेली आणि पेसर्स ८८-८३ असे हरले.

दुसऱ्या सीझनला मालक आणि खेळाडू यांच्यातल्या वादामुळे फक्त ५० मॅच झाल्या. पेसर्सनी ३३ जिंकल्या, पण विभागाच्या फायनलला न्यूयॉर्ककडून हरले. तिसऱ्या सीझनला, १९९९-२००० मध्ये, ५६ विजय मिळाले आणि पेसर्स पहिल्यांदाच एनबीएच्या फायनलला पोचले. समोर शकील ओनील आणि कोबी ब्रायंट यांची लेकर्स. पेसर्स ४-२ असे हरले.

या काळातलं जेलन रोजचं उदाहरण सांगण्यासारखं आहे. आधीच्या कोचच्या हाताखाली तो बराच काळ बाकावर बसलेला होता. बर्डने त्याच्यावर भरवसा टाकला, मिनिटं वाढवली. २००० मध्ये रोजला सर्वाधिक प्रगती केलेल्या खेळाडूचा मान मिळाला. खेळाडू तोच होता. त्याला मिळणारी मिनिटं आणि विश्वास बदलला होता.

फायनलला पोचलेला कोच सहसा खुर्ची सोडत नाही. बर्डने सोडली. आपण तीनच वर्षं राहणार हे त्यानं येतानाच सांगितलं होतं. त्याचं मत असं की तीन वर्षांनंतर खेळाडू त्याच कोचचं तेच बोलणं ऐकून कंटाळतात, कान बंद करतात. शिवाय त्याच्या हृदयाचे ठोके अनियमित पडायचे, तो त्रासही होताच. कोच म्हणून त्याचा हिशेब १४७ विजय आणि ६७ पराभव. म्हणजे दर तीन मॅचमागे दोनांहून थोडं जास्त.

टीमचा कारभारी म्हणजे कोण?

२००३ मध्ये बर्ड पेसर्सकडे परत आला, पण आता बाकावर नाही. पद होतं बास्केटबॉल विभागाचा अध्यक्ष. वर डॉनी वॉल्श होतेच. २००८ मध्ये वॉल्श न्यूयॉर्कला गेले आणि सगळा कारभार बर्डच्या हातात आला.

कोच आहेत ती माणसं खेळवतो. कारभारी कोणती माणसं असावीत ते ठरवतो. त्याच्याकडे त्यासाठी तीन मुख्य वाटा असतात.

पहिली वाट ड्राफ्टची. आयपीएलमध्ये लिलाव होतो, जास्त पैसे देईल त्याला खेळाडू मिळतो. एनबीएत नव्या पोरांचा लिलाव होत नाही. टीम एकेक करून नंबरानं खेळाडू निवडतात. मागच्या सीझनला जी टीम मागे पडली तिला वरचा नंबर मिळण्याची शक्यता जास्त. म्हणजे दुबळ्याला उभं राहायची संधी. ३० टीम आणि निवडीच्या दोन फेऱ्या. वरच्या नंबरावर कोण चांगला ते सगळ्यांनाच दिसतं. कारभाऱ्याची परीक्षा खालच्या नंबरांवर होते.

दुसरी वाट अदलाबदलीची. दोन टीम आपापले खेळाडू एकमेकांना देतात. बहुतेक खेळाडूंना विचारलंही जात नाही. सकाळी एका शहरात, रात्री हजार मैलांवर दुसऱ्या शहरात. बायकापोरांची शाळा, घर, सगळं हलवायचं.

तिसरी वाट मोकळ्या खेळाडूंची. ज्यांचा करार संपला आहे त्यांच्याशी बोलून करार करायचा. पण इथं पैशाला मर्यादा आहे. पूर्ण टीमच्या पगारावर एक मर्यादा असते, तिला सॅलरी कॅप म्हणतात. १९८४-८५ मध्ये ती ३६ लाख डॉलर होती. २०२४-२५ मध्ये १४ कोटी डॉलरच्या वर गेली. एकावर जास्त खर्च केला की दुसऱ्यावर कमी करावा लागतो. घरखर्चासारखंच, फक्त आकडे मोठे.

या मर्यादेला एक सवलत आहे. आपल्याच जुन्या खेळाडूला टिकवायचं असेल तर टीम मर्यादा ओलांडू शकते. या सवलतीचं प्रचलित नावच 'बर्ड राइट्स' आहे, याच लॅरी बर्डवरून पडलेलं. खेळाडू असताना ज्याच्या नावानं नियम ओळखला जाऊ लागला, तोच पुढे खुर्चीत बसून त्या नियमांचा हिशेब करत होता.

एका रात्रीत टीम मोडली

बर्डने आल्या आल्या आयझया थॉमस यांना कोचपदावरून काढलं आणि आपला जुना सहकारी रिक कार्लाइल याला मुख्य कोच केलं. २००३-०४ मध्ये पेसर्सनी ६१ मॅच जिंकल्या, त्या सीझनला सगळ्या लीगमध्ये सर्वात जास्त. आता विजेतेपद फार लांब नाही असं वाटत होतं.

मग १९ नोव्हेंबर २००४ ची रात्र आली. डेट्रॉइटजवळ मॅच होती. पेसर्स ९७-८२ असे पुढे होते आणि मिनिटही उरलं नव्हतं. धक्काबुक्की झाली. ती निवळत असताना एका प्रेक्षकानं पेयाचा कप पेसर्सच्या रॉन आर्टेस्टवर फेकला. आर्टेस्ट थेट प्रेक्षकांत घुसला. मागोमाग दुसरेही गेले. खेळाडू आणि प्रेक्षक यांच्यात मारामारी झाली आणि ती सगळ्या देशानं टीव्हीवर पाहिली.

लीगनं दोन्ही टीमच्या मिळून ९ खेळाडूंवर बंदी घातली, एकूण १४६ मॅचची. एकट्या आर्टेस्टची बंदी प्लेऑफ धरून ८६ मॅचची ठरली. स्टीफन जॅक्सनला ३० मॅच. जर्मेन ओनीलला २५, त्या नंतर १५ झाल्या. आर्टेस्ट त्याच वर्षीचा सर्वोत्तम बचावपटू होता. म्हणजे टीमचा कणाच गेला.

कारभारी म्हणून बर्डची खरी कसोटी इथं लागली. कोच चुकला तर पुढच्या मॅचला सुधारता येतं. टीमचं नाव खराब झालं तर वर्षं लागतात. लोकांनी पेसर्सकडे पाठ फिरवायला सुरुवात केली. २००७ ते २०१० अशी सलग चार वर्षं टीम प्लेऑफलासुद्धा गेली नाही. आर्टेस्ट गेला, जॅक्सन गेला, ओनील गेला. बर्डवर टीका होत राहिली, आणि ती पूर्ण चुकीचीही नव्हती. आर्टेस्ट तापट आहे हे आधीपासून माहीत असूनही टीम त्याच्याभोवतीच बांधलेली होती.

पुन्हा उभारणी

यातून बाहेर पडायला बर्डने घाई केली नाही. एकेक माणूस निवडला. २००८ मध्ये जर्मेन ओनीलला टोरांटोकडे देऊन त्या बदल्यात उंच आणि शांत स्वभावाचा रॉय हिबर्ट आणला. २०१० च्या ड्राफ्टमध्ये १० व्या नंबरावर पॉल जॉर्ज नावाचा कॅलिफोर्नियातला फारसा चर्चेत नसलेला पोरगा निवडला. तो पुढे लीगच्या मोठ्या खेळाडूंत गणला गेला. त्याच वर्षी दुसऱ्या फेरीत ४० व्या नंबरावर लान्स स्टीफनसन घेतला. २०११ मध्ये डेव्हिड वेस्टला करार दिला. त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे जोखीम होती. पण वेस्ट अनुभवी आणि शिस्तीचा, तरुण पोरांना वळण लावणारा. तसा माणूस टीमला हवाच होता.

सगळेच निर्णय बरोबर आले असं नाही. २०११ च्या ड्राफ्टमध्ये १५ व्या नंबरावरचा क्वाय लेनर्ड पेसर्सनी सॅन अँटोनियोला दिला आणि त्या बदल्यात जॉर्ज हिल घेतला. हिल चांगला खेळला. पण लेनर्ड पुढे दोन वेगवेगळ्या टीमकडून विजेता झाला आणि दोन्ही वेळा फायनलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. कारभाऱ्याची वही अशीच असते. एका पानावर पॉल जॉर्ज, दुसऱ्या पानावर लेनर्ड.

२०११-१२ चा सीझन पुन्हा वादामुळे ६६ मॅचचा झाला. पेसर्सनी ४२ जिंकल्या. मारामारीनं बदनाम झालेली टीम आता नीटनेटकी, बचावाला पक्की म्हणून ओळखली जाऊ लागली. याच कामासाठी बर्डला २०१२ मध्ये सर्वोत्तम अधिकाऱ्याचा मान मिळाला. मान मिळाल्यावर काही आठवड्यांतच त्यानं तब्येतीच्या कारणानं पद सोडलं आणि वर्षभरानं, २०१३ मध्ये, पुन्हा हाती घेतलं. २०१३ आणि २०१४ अशी दोन वर्षं पेसर्स विभागाच्या फायनलला गेले. दोन्ही वेळा लेब्रॉन जेम्सच्या मायामीनं त्यांना अडवलं.

सगळ्यात अवघड काम: माणूस काढणं

बर्डच्या विभागाला २०११ च्या जानेवारीत सीझन मधेच कोच बदलावा लागला होता. तेव्हा सहायक असलेल्या फ्रँक वोगेलला संधी मिळाली आणि त्यानं तिचं सोनं केलं. दोनदा टीमला विभागाच्या फायनलपर्यंत नेलं. तरीही २०१६ मध्ये बर्डने त्याचा करार वाढवला नाही. कारण जुनंच. पोरांना आता नवा आवाज हवा. जो नियम त्यानं २००० मध्ये स्वतःला लावला होता, तोच आता दुसऱ्याला लावला.

फरक एवढाच की स्वतः खुर्ची सोडणं आणि दुसऱ्याची काढून घेणं यात खूप अंतर आहे. हा निर्णय अनेकांना पटला नाही. वोगेल पुढे २०२० मध्ये लेकर्सचा कोच म्हणून विजेता झाला. म्हणजे माणूस कामाचा होता. वोगेलला सोडल्यावर वर्षभरात, मे २०१७ मध्ये, बर्डनेही अध्यक्षपद सोडलं आणि सल्लागार म्हणून राहिला.

मोठं नाव असलं की जमतंच असं नाही

बर्डचा जुना प्रतिस्पर्धी मॅजिक जॉन्सन १९९४ मध्ये लेकर्सचा कोच झाला. १६ मॅच केल्या, ५ जिंकल्या, ११ हरल्या आणि त्यानं काम सोडलं. २०१७ मध्ये तो लेकर्सचा कारभारी झाला आणि २०१९ मध्ये अचानक राजीनामा देऊन मोकळा झाला. मायकल जॉर्डनपेक्षा मोठा खेळाडू शोधून सापडायचा नाही. पण तो मालक असताना २०११-१२ च्या सीझनला शार्लटच्या टीमनं ६६ पैकी फक्त ७ मॅच जिंकल्या.

उलट उदाहरणंही आहेत. ग्रेग पॉपोविच एनबीएत एकही मॅच खेळले नाहीत. पण कोच म्हणून त्यांनी सॅन अँटोनियोला पाच विजेतेपदं मिळवून दिली. म्हणजे मैदानावरचं नाव दार उघडून देतं. आत गेल्यावर काम नव्यानं शिकावं लागतं.

मग बर्डला का जमलं?

पहिलं कारण, तो पाच वर्षं मधल्या जागेवर थांबला आणि त्या काळात बघत राहिला. दुसरं, कोच झाल्यावर जे येत नाही ते येणाऱ्याकडे सोपवलं. तिसरं, नियम थोडे ठेवले, पण ठेवले ते सगळ्यांना सारखे. चौथं, किती दिवस थांबायचं ते आधी ठरवलं आणि पाळलं. पाचवं, टीम मोडल्यावर दुसरीकडे निघून गेला नाही, सहा-सात वर्षं शिव्या खात ती पुन्हा बांधली.

एक गोष्ट मात्र त्याला मिळाली नाही. खेळाडू म्हणून तीन विजेतेपदं मिळाली, कोच आणि कारभारी म्हणून एकही नाही. तिन्ही मान मिळूनही हा रकाना रिकामाच राहिला.

त्यानं शेजारी बसवलेली माणसं मात्र पुढे गेली. रिक कार्लाइलनं २०११ मध्ये डॅलसला विजेतेपद मिळवून दिलं. २०२१ मध्ये तो पुन्हा पेसर्सचा कोच झाला. २०२५ मध्ये पेसर्स फायनलला पोचले, २००० नंतर पहिल्यांदाच. सात मॅचपर्यंत मालिका गेली आणि ते ओक्लाहोमा सिटीकडून ४-३ असे हरले. पेसर्सच्या दोन्ही एनबीए फायनलला कार्लाइल बाकावर होता, एकदा बर्डचा सहायक म्हणून आणि एकदा मुख्य कोच म्हणून.